आजीबद्दल लिहायचंय? आधी तिचं शास्त्र उघडा

आजी गेल्यावर चर्चमध्ये, आमच्या भाषेत देवळात, जी स्मरण उपासना होते तिच्यात आजीबद्दल पाच मिनिटं बोलायची वेळ आली की हात आपोआप ‘प्रार्थनाशील, मायाळू, कष्टाळू’ लिहायला लागतो. माझाही लागला. आत्यानं कागद वाचून परत दिला. म्हणाली, “हे आपल्या देवळातल्या कुठल्याही म्हातारीला चालेल. माझी आई कुठाय यात?” मग जे केलं, ते सांगते.

आधी तिचं पवित्रशास्त्र, म्हणजे बायबल, घ्या. पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म-मृत्यू असतातच, पण समास बघा. आमची आजी उपदेश ज्या वचनावर झाला त्याच्याशेजारी शिसपेन्सिलीनं तारीख टाकायची, आणि उपदेश लांबला तर बारीकशी फुली. फुल्या बऱ्याच निघाल्या. गीतांच्या पुस्तकात कोपरे दुमडलेली पानं शोधून क्रमांक उतरवून घ्या. उपासनेत कुठली गीतं म्हणायची हा घरातला वाद तिथेच मिटतो. पानांत खोचलेलं काहीही, दानाचं पाकीट असो की एसटीचं तिकीट, उचलण्याआधी आहे तिथेच त्याचा फोटो काढा. मी काढला नाही. आता ते नगरचं तिकीट कुठल्या स्तोत्रात होतं, कळायला मार्ग नाही.

जन्मतारखेवर लगेच विश्वास ठेवू नका. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर ती बहुधा मास्तरांनी घातलेली. बाप्तिस्म्याची नोंद बघा, पण बाप्तिस्मा जिथे झाला त्या मंडळीत, म्हणजे त्या चर्चमध्ये. आजी नगरची, अमेरिकन मिशनमधली. लग्नानंतर पुण्यात आली आणि गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या पवित्र नाम देवळात जायला लागली. 1970 साली वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, म्हणून आज पाटी एकच दिसते. तिला भुलून मी पुण्यातच विचारत बसले आणि नोंद निघाली नगरला. जाताना तिच्या आईवडिलांची पूर्ण नावं आणि अंदाजे साल बरोबर न्या. आम्ही उपासनेच्या पत्रिकेवर वय 91 छापलं होतं, नोंदीनं 93 भरलं.

मधली वर्षं माणसांकडूनच मिळतात. “कुठल्या साली?” विचारलं की जुनी माणसं गडबडतात. “पानशेतच्या आधी की नंतर?” असं विचारा. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा कोण पोटात होतं आणि कोण कडेवर, हे पुण्यातल्या जुन्या घरांना बरोब्बर आठवतं. त्यापुढचं कोयनेच्या भूकंपावर, म्हणजे डिसेंबर 1967 वर, नाहीतर 1972 च्या दुष्काळावर बसवा. धाकट्या काकांचा बाप्तिस्मा आम्हाला असाच सापडला: खडकवासलाही फुटलेलं, नळाला पाणी नाही, आणि आजी पाहुण्यांना म्हणत होती, “हात धुतल्यासारखं करा आणि बसा.”

एकेकाला वेगळं गाठा. सगळे जमले की थोरले काका बोलतात, बाकीचे माना डोलावतात. आणि हाताला काम असताना विचारा. आत्या समोरासमोर बसून काही सांगेना. नाताळच्या करंज्या भरायला बसली तेव्हा म्हणाली, आजी करंज्या मोजून डब्यात ठेवायची आणि आकडा झाकणावर खडूनं लिहायची. रात्री एक खाल्ली तर आकडा पुसून नवा लिहायचा, हे आमच्या बाबांचं काम.

तिचा हट्टीपणाही येऊ द्या. काकू रोमन कॅथलिक, म्हणून आजी तिच्याशी पहिली दोन वर्षं धड बोलली नव्हती. हे लिहू का, म्हणून काकूलाच विचारलं. ती म्हणाली, “लिही की. पण शेवटी माझ्याच हातची पेज गोड लागायची, तेही लिही.” दोन्ही लिहिलं.

झालं की मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या वर एक ओळही नको. पुढच्या बाकांवर तिच्या मैत्रिणी बसलेल्या असतात, आणि पेन्सिली त्यांच्याकडेही असतात.