जवस आणि भोपळ्याच्या बियांची स्मूदी

अशा स्मूदीने हार्मोन्स सुधारतात असं सांगितलं जातं, पण एक पेला पिऊन ते ताळ्यावर येत नाहीत. मात्र प्रथिनं आणि तंतू असलेल्या न्याहारीने रक्तातली साखर एकदम चढत-उतरत नाही, चिडचिडही कमी होऊ शकते. तेवढ्यासाठी ही करावी.

एका पेल्यासाठी अर्धं केळं, पाऊण वाटी घट्ट दही, एक बिनबियांचा खजूर, अर्धी वाटी पाणी, चिमूटभर दालचिनी. रात्री भिजवलेल्या भोपळ्याच्या बिया एक मोठा चमचा. मॅग्नेशियम यातून चांगलं मिळतं. आणि मोठा चमचाभर जवसाची पूड. जवस अख्खा टाकू नका, न पचता तसाच बाहेर पडतो. पूड आठवड्यापुरतीच करून फ्रिजमध्ये ठेवा. खवट वास आला तर सरळ फेका.

आधी बिया आणि पाणी मिक्सरमध्ये अगदी बारीक फिरवा, मग बाकीचं घाला. जवस शेवटी, दहा सेकंदच. लगेच प्या, नाहीतर बुळबुळीत होते (मग मुलं तोंड लावत नाहीत).

मध, साखर नको, खजूर पुरतो. थायरॉईडची गोळी घेत असाल तर दह्यातल्या कॅल्शियममुळे चार तासांचं अंतर ठेवा. हार्मोन्ससाठी म्हणून अश्वगंधा मनाने घालू नका, गरोदरपणात तर नाहीच.