गहू कायमचा बंद झाल्यावर खवय्याने काय करावे

सिलिअ‍ॅक आजाराचे निदान झाले की डॉक्टर गहू, जव (बार्ली) आणि राय (rye; मोहरी नव्हे) ही तीन धान्ये आयुष्यभरासाठी बंद करायला सांगतात. त्यांतील ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतील आवरणाचेच नुकसान करते, म्हणून ‘सणापुरती एखादी पुरणपोळी’ ही सवलत येथे मिळत नाही. ज्यांना अजून केवळ शंका आहे त्यांनी मात्र तपासणीपूर्वी गहू सोडू नये. रक्तातील प्रतिपिंडांची आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी गहू आहारात असतानाच भरवशाची ठरते.

खाण्याची आवड असलेला माणूस अशा वेळी प्रथम ग्लूटेनमुक्त पाव, बिस्किटे आणि नूडल्स शोधू लागतो. पहिले काही महिने तरी हे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे पदार्थ महाग असतात, आणि प्रत्येक घासाला जीभ मूळ पदार्थाशी तुलना करून नाराज होते. त्याऐवजी ज्यांत गहू कधी नव्हताच असे पदार्थ जवळ करावेत. घावन, आंबोळी, कोथिंबीर वडी, अळूवडी, सांदण, उकडीचे मोदक, अनारसे ही यादी कोणत्याही खवय्याला पुरेशी आहे. उपवासाची वरई, राजगिरा आणि शिंगाड्याचे पीठही रोजच्या स्वयंपाकात आणता येते. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्टमय असल्याने त्यावर दिवस काढू नयेत.

रोजच्या जेवणाचा खरा आधार भाकरी असते, आणि ती चांगली जमली तर पोळीची आठवण बरीच कमी होते. ज्वारी-बाजरीचे पीठ थोडे थोडेच दळून आणावे, कारण जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. ग्लूटेनचा चिवटपणा या पिठांत नसल्यामुळे गरम पाणी घालून, तळहाताने रगडून, एका वेळी एकाच भाकरीपुरते पीठ मळावे. तांदळाच्या भाकरीसाठी पिठाइतकेच पाणी मीठ घालून उकळावे, पीठ घालून झाकण ठेवावे, वाफ मुरल्यावर उकड गरम असतानाच मळावी. अशी भाकरी दुपारच्या डब्यातही मऊ राहते. नाचणीची उकड काढली तर तिचा कोरडेपणाही जातो.

अडचण येते ती न दिसणाऱ्या गव्हाची. डबीतल्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे चिमूटभर फोडणीने वरण, आमटी, लोणचे, पापड सारेच बाद होऊ शकते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग वेष्टनावरील घटक वाचून घ्यावा. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या तयार भाजणीत बहुधा असतो आणि सोया सॉसमध्येही असतो. माल्टची पेये जवापासून बनतात. साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ होण्याची शक्यता मोठी असते. वेष्टनावर ‘ग्लूटेन-फ्री’ असे लिहिण्यासाठी भारतात ग्लूटेनचे प्रमाण किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही, यावरून किती थोडे पीठ अपाय करते याची कल्पना यावी.

म्हणूनच गिरणीत गव्हानंतर दळलेली ज्वारी चालत नाही. घरघंटी घेणे परवडत असेल तर तोच उत्तम मार्ग आहे, मात्र मग तिच्यात गहू कधीच घालू नये. पीठ चाळायची चाळणी, पोळपाट-लाटणे, लाकडी काठवट आणि तवा वेगळा ठेवावा. घरातील इतरांच्या पोळ्या होणार असतील तर भाकऱ्या आधी उरकून झाकून ठेवाव्यात, कारण लाटताना उडणारे पीठ ओट्यावर सर्वत्र बसते.

सणावारी पुरणाला हरकत नसते, हरकत पारीला असते. तांदळाच्या उकडीत पुरण भरून मोदक वळावेत; त्या पारीची पोळी लाटण्याचा हट्ट करू नये, ती हमखास फाटते. माझ्या मते वाटीभर गरम पुरण, त्यावर साजूक तूप आणि शेजारी योग्य हिंगाची कटाची आमटी हे कोणत्याही नकली पोळीपेक्षा सरस लागते. दिवाळीत करंजी आणि शंकरपाळे वगळून घरी दळलेल्या भाजणीची चकली, बेसन लाडू, अनारसे आणि पोह्यांचा चिवडा करावा.

बाहेर खाताना पदार्थाच्या नावावर विसंबू नये. बटाटेवडा बेसनाचा असला तरी त्याच कढईत समोसे तळले जातात, मिसळीच्या फरसाणात मैद्याचे तुकडे असतात आणि डोशाच्या पिठात कधी रवा घालतात. ‘पथ्य आहे’ म्हटल्यावर आग्रह थांबत नाही. ‘पीठ, रवा, मैदा, हिंग यांपैकी काय घातले आहे?’ असे थेट स्वयंपाक करणाऱ्यालाच विचारावे. लग्नकार्यात उत्तर मिळण्याची शाश्वती नसते, तेव्हा घरून डबा न्यावा आणि पंगतीत बसून तोच उघडावा.