परदेशात राहताना बिअरच्या दर्जाची तुलना कशी करावी

परदेशात स्थायिक झालेल्या माणसाला दोन्हीकडची मंडळी एकच प्रश्न विचारतात: तिकडची बिअर चांगली की इकडची? पहिल्या वर्षी मी या प्रश्नाचे उत्तर झटकन देत असे आणि ते बहुतेक वेळा चुकीचे असे. एका पारड्यात मित्रांच्या सोबतीने प्यायलेली, आठवणीत मुरलेली बिअर होती आणि दुसऱ्या पारड्यात अनोळखी गावात एकट्याने प्यायलेली, चवीची ओळखच नसलेली बिअर. त्यानंतर अनेक वर्षे मन लावून चव घेतल्यावर माझी खात्री झाली आहे की आपण ज्याला ‘या देशाची बिअर वाईट’ म्हणतो, त्यातला मोठा भाग बिअर बनवणाऱ्याच्या हातातला नसतो. तो बाटलीच्या प्रवासाचा, साठवणीचा, पेल्याचा आणि आपल्या सवयीचा असतो. हे सारे वेगळे काढले की जे उरते, त्यालाच दर्जा म्हणावे.

तुलना सारख्यांची करा

सर्वप्रथम बिअरचा प्रकार पाहावा. लागर थंड तापमानात सावकाश आंबवली जाते आणि तिची चव स्वच्छ, नेटकी असावी अशी अपेक्षा असते. एल त्यापेक्षा उबदार तापमानात आंबते आणि तिच्यात फळांसारखे गंध येतात. जर्मनीतल्या गव्हाच्या बिअरला येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास हे त्या बिअरचे वैभव आहे, पण तोच वास लागरमध्ये आला तर तो दोष ठरतो. बेल्जियममधली लांबिक हवेतल्या रानटी यीस्टवर आंबते व आंबट असते. तिला ‘बिघडलेली’ म्हणणाऱ्याने ताकाला नासलेले दूध म्हटल्यासारखे होईल.

नव्याने इंग्लंडमध्ये आलेल्यांची सर्वांत मोठी चूक पिंपातल्या एलबाबत होते. ही बिअर पिंपातच शेवटची आंबते आणि तळघराच्या तापमानाला, म्हणजे साधारण ११ ते १३ अंश सेल्सियसला दिली जाते. तिच्यात वायू कमी असतो. थंडगार लागरची सवय असलेला माणूस पहिल्या घोटालाच तिला ‘गरम आणि सपाट’ ठरवतो. मीही तसेच केले होते. हीच बिअर नामशेष होऊ नये म्हणून तिथल्या ग्राहकांनी १९७१ मध्ये ‘कॅम्रा’ ही चळवळ उभी केली, हे कळल्यावर मी तिच्याकडे पुन्हा वळलो आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिच्यातला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा व हॉप्सचा (बिअरला कडवटपणा व गंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) मातकट सुगंध मला वेगवेगळा जाणवू लागला.

प्रकार वेगवेगळे का झाले, याच्या मुळाशी पुष्कळदा पाणी आहे. चेक प्रदेशातल्या प्लझेन शहराचे पाणी अतिशय मृदू असल्याने तिथे १८४२ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या योझेफ ग्रोल या ब्रुअरने (बिअर बनवणाऱ्याने) बनवलेल्या सोनेरी लागरमध्ये हॉप्सचा कडवटपणा भरपूर असूनही तो जिभेला खरखरीत लागला नाही. इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंटच्या पाण्यात जिप्सम विरघळलेले असते आणि त्यामुळे तिथल्या पेल एलचा (फिक्या रंगाच्या एलचा) कडवटपणा कोरडा, टोकदार होतो. डब्लिनचे पाणी अल्कधर्मी, आणि भाजलेल्या काळ्या धान्याची आम्लता त्याला सावरून घेते, म्हणून तिथे स्टाऊट ही काळी बिअर रुजली. आज कोणतीही ब्रुअरी पाण्यातले क्षार हवे तसे बदलू शकते, त्यामुळे ‘पाणीच वेगळे, म्हणून इथे चांगली बिअर होणार नाही’ ही सबब आता चालत नाही; मात्र त्या त्या देशाच्या चवीची घडण समजायला हा इतिहास फार उपयोगी पडतो.

लेबल नीट वाचा

लेबलवरच्या अल्कोहोलच्या टक्केवारीत फरक असेल तर तुलना तिथेच थांबवावी, कारण जास्त अल्कोहोलची बिअर पहिल्या घोटाला भरीव आणि म्हणून ‘दर्जेदार’ वाटते. ही टक्केवारी अनेकदा चवीपेक्षा करांच्या आणि विक्रीच्या नियमांवर ठरते. स्वीडनमध्ये ३.५ टक्क्यांपर्यंतची बिअर किराणा दुकानात मिळते आणि त्यापुढची मुख्यतः सरकारी दुकानांतून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून ३.५ टक्क्यांच्या खालच्या बिअरवर कमी कर लागतो. जपानमध्ये कर माल्टच्या प्रमाणावर आकारला जात असल्यामुळे बिअरसारखीच दिसणारी, पण कमी माल्टची ‘हाप्पोशू’ जन्माला आली. फडताळावर ती बिअरच्या शेजारीच उभी असते आणि नवखा माणूस ती पिऊन जपानी बिअरवर मत बनवतो. चेक बिअरवरच्या १० किंवा १२ अंशांनी तर भलतीच घबराट होते. हे अंश अल्कोहोलचे नाहीत. आंबवण्यापूर्वी द्रावात विरघळलेल्या साखरेचे व इतर घटकांचे ते माप आहे, आणि १२ अंशांच्या बिअरमध्ये साधारण ५ टक्के अल्कोहोल असते.

नाव एक म्हणून बिअर एक, असेही समजू नये. अनेक प्रसिद्ध नावांची बिअर परवान्याखाली दुसऱ्याच देशात बनते, आणि ती कुठे बनली हे लेबलच्या मागच्या बारीक अक्षरांत दिलेले असते. गिनेस या आयरिश बिअरचेच पाहा. नळाची गिनेस ४.२ टक्क्यांची, नायट्रोजनमुळे सायीसारख्या फेसाची. तर तिचाच फॉरेन एक्स्ट्रा हा प्रकार ७.५ टक्क्यांचा आणि चवीला उग्र. नायजेरियात बनणाऱ्या गिनेसमध्ये ज्वारीचाही वापर होतो. या तिन्ही बिअर आपापल्या जागी चांगल्या आहेत, पण त्यांच्यापैकी एक पिऊन दुसरीबद्दल काहीही सांगता येत नाही.

जर्मन शुद्धता कायद्याचा दाखला परदेशस्थांच्या गप्पांमध्ये हमखास येतो. १५१६ मध्ये बव्हेरियात झालेल्या त्या आदेशाने बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच घालण्याची मुभा दिली, आणि १९०६ मध्ये तो नियम साऱ्या जर्मन साम्राज्याला लागू झाला. या नियमात न बसणारी परदेशी बिअर अडवता येणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. तो घटकांचा नियम आहे, दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. बिअर ताजी आहे का, नीट आंबली आहे का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. त्याच न्यायाने तांदूळ किंवा मका घातलेली अमेरिकन लागर आपोआप कमी दर्जाची ठरत नाही. तिथे गेलेल्या जर्मन ब्रुअरना मिळालेल्या बार्लीत प्रथिने जास्त होती, आणि बिअर स्वच्छ व हलक्या अंगाची व्हावी म्हणून त्यांनी ही धान्ये मिसळली. अशा फिक्या बिअरमध्ये एखादा दोष लपवायला जागाच नसते, म्हणून ती सातत्याने स्वच्छ बनवणे हे अवघड काम आहे, असे माझे मत आहे.

ताजेपणा आणि प्रवास

या विषयावर मी सर्वांत जास्त भर देतो, कारण परदेशस्थ माणसाची फसगत इथेच होते. एकदा माझ्या एका शेजाऱ्याला मायदेशाची बिअर कशी असते हे दाखवावे म्हणून मी आयात केलेल्या बिअरची बाटली मोठ्या अभिमानाने उघडली. पेल्यातून ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. चव गोडसर, थकलेली होती, आणि कडवटपणा जणू दूर कुठेतरी राहून गेला होता. बाटलीच्या मानेवरची तारीख पाहिली तेव्हा लक्षात आले की ती कित्येक महिने कंटेनरमध्ये आणि फडताळावर उभी होती. मी मायदेशाची बाजू मांडायला एका दमलेल्या साक्षीदाराला उभे केले होते.

पुठ्ठ्याचा हा वास प्राणवायूमुळे येतो आणि उष्णतेने ती प्रक्रिया भराभर वाढते. दुसरा शत्रू प्रकाश. हॉप्समधले कडू घटक प्रकाशात तुटतात आणि त्यांच्यापासून गंधकयुक्त, उग्र दर्पाचे संयुग तयार होते. तपकिरी काच यापासून बरेच संरक्षण देते. हिरवी काच फारच थोडे आणि पारदर्शक काच जवळजवळ नाहीच. म्हणून तुलनेसाठी शक्यतो कॅन किंवा तपकिरी बाटली घ्यावी, आणि भरल्याची तारीख छापलेली असेल तर दोन्ही बिअर जवळपास एकाच वयाच्या निवडाव्यात. हॉप्सच्या सुगंधावर उभी असलेली बिअर काही आठवड्यांतच उतरू लागते. जड, गडद, जास्त अल्कोहोलची बिअर पुष्कळ काळ तग धरते.

हे दोष ओळखायला शिकण्यासाठी एक प्रयोग जरूर करावा. एकाच बिअरच्या, एकाच तारखेच्या, हिरव्या काचेच्या तीन बाटल्या आणाव्यात. एक फ्रिजमध्ये ठेवावी. दुसरी स्वयंपाकघरातल्या उबदार, अंधाऱ्या कपाटात महिनाभर ठेवावी. तिसरी महिना संपताना फ्रिजमधून काढून दुपारच्या उन्हात तासभर ठेवावी. मग तिन्ही सारख्याच थंड करून शेजारी शेजारी ओताव्यात. उन्हातल्या बाटलीचा वास नाक जवळ नेण्याआधीच येतो. कपाटातल्या बाटलीचा दोष सौम्य असतो. तो घोट गिळल्यावर मागे रेंगाळतो. एकदा हे दोन वास नाकात बसले की पुढे कोणत्याही देशात ‘बिअर वाईट आहे’ आणि ‘बिअर वाईट सांभाळली आहे’ यांतला भेद आपोआप कळतो.

नळाच्या बिअरची परीक्षा वेगळी. नळापर्यंतच्या नळ्या वेळच्या वेळी साफ केल्या नाहीत तर उत्तम बिअरलाही लोण्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास येतो. पेल्याच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर पेला नीट धुतलेला नाही. स्वच्छ पेल्यात बिअर खाली जाते तशी फेसाची जाळीदार वलये मागे राहतात. त्यामुळे एका जागी नळाची बिअर आवडली नाही तर तीच बिअर आणखी दोन ठिकाणी घेऊन पाहावी आणि मगच काही लिहावे.

डोळे झाकून चव

लेबल दिसत असताना घेतलेल्या चवीवर विश्वास ठेवू नये. यासाठी त्रिकोणी चाचणी घरच्या घरी करता येते. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी आपल्या पाठीमागे तीन सारखे पेले भरायला सांगावे: दोन पेल्यांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. पेल्यांच्या तळाला खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात. वेगळा पेला कोणता, एवढेच आपण ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येतेच, म्हणून एका फेरीवर थांबू नये. सहा फेऱ्यांपैकी किमान पाच वेळा बरोबर ओळखता आले, तर फरक खरा आहे असे मानायला हरकत नाही. निव्वळ नशिबाने असे घडण्याची शक्यता शंभरात दोनहूनही कमी आहे. सहाही फेऱ्या एकाच दिवशी उरकू नयेत, दोन-तीन दिवसांत विभागाव्यात. प्रत्येक पेल्यात घोट-दोन घोटच असावेत आणि मध्ये साधे पाणी प्यावे, कारण नशा चढू लागली की जीभ सगळ्यालाच होकार देते.

दोन्ही बिअरचे तापमान सारखे असणे अत्यावश्यक आहे. अतिथंड बिअरमध्ये गंध दबतो आणि त्याबरोबर दोषही लपतात, म्हणून लागरसुद्धा चाचणीपूर्वी दहा-पंधरा मिनिटे फ्रिजबाहेर काढून ठेवावी. रंगात फरक असेल तर अपारदर्शक कप वापरावेत. फरक ओळखता आल्यावरच ‘मग अधिक चांगली कोणती?’ हा प्रश्न घ्यावा. माझ्या अनुभवात ज्या जोड्यांवर आम्ही संध्याकाळच्या संध्याकाळ वाद घातला होता, त्यांतल्या काही आम्हाला ओळखताच आल्या नाहीत.

देशाबद्दल बोलण्याआधी

एका बिअरवरून देश ठरत नाही. दोन्ही देशांतून त्याच धर्तीच्या तीन-तीन बिअर घ्याव्यात: सर्वाधिक खपाची लागर, एखाद्या प्रांतात रुजलेली जुनी बिअर आणि लहान ब्रुअरीची एक. खपाच्या लागर देशोदेशी एकमेकींच्या फार जवळ आलेल्या आढळतील. खरा फरक दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात दिसतो. माप मात्र सगळीकडे लहान घ्यावे. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकन ४७३ मिलिलिटरचा, आणि जर्मनीतल्या कोलोनमध्ये २०० मिलिलिटरचा पेला असतो. मोठ्या पेल्यातली शेवटची बिअर कोमट व वायू उडालेली असते आणि तीच चव मनात राहते.

वहीत चार गोष्टी टिपाव्यात: तारीख व बाटलीचे वय, तापमान, पहिला गंध आणि घोट गिळल्यानंतर राहणारी चव. ‘छान’ किंवा ‘फालतू’ हे शब्द वहीत येऊ देऊ नयेत. ‘भाजलेल्या पावाचा गंध, मध्यम कडू, शेवट कोरडा’ अशी नोंद वर्षभरानंतरही उपयोगी पडते.

नव्या देशात गेल्यावर पहिले दोन-तीन महिने नोंदी कराव्यात, पण निकाल देऊ नये. जिभेला कडवटपणाची आणि वायूच्या प्रमाणाची सवय होते आणि सुरुवातीला जे खटकले तेच पुढे हवेसे वाटू लागते. हा बदल उलट दिशेनेही होतो. म्हणून सुट्टीत मायदेशी गेल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच, जुनी सवय परत बसण्यापूर्वी, तिथली ताजी बिअर त्याच पद्धतीने डोळे झाकून चाखावी आणि ती नोंद वहीत आधीच्या नोंदींच्या समोरच्या पानावर लिहावी.