बांधावरची बोरं-जांभळं दारूत मुरवताय? या चुका टाळा

सोलापूरच्या बाजूला बांध कधी मोकळा नसतो. बोराटी, चिंच, कवठ, ओढ्याकडेला जांभूळ, वस्तीच्या कुंपणाला करवंद. ही फळं व्होडका, जिन किंवा रममध्ये मुरवून घरीच स्वादाची दारू करायची हौस हल्ली बऱ्याच जणांना लागली आहे. पण इंटरनेटवर सापडणाऱ्या कृती बहुतेक इंग्लंडच्या. तिकडे शेताच्या काटेरी कुंपणावर स्लो नावाचं छोटं, निळसर काळं, तोंड आखडून टाकणारं फळ येतं. थंडीचा पहिला कडाका पडला की ते तोडतात, टोचतात, साखरेसोबत जिनमध्ये टाकतात आणि तीन महिने अंधाऱ्या कपाटात ठेवून देतात. त्या फळासाठी आणि त्या हवेसाठी ही रीत उत्तम आहे. आपल्याकडे संक्रांतीला घातलेली बरणी तीन महिन्यांनी उघडायची म्हणजे एप्रिल उजाडतो आणि पारा चाळिशी गाठतो. तोवर आतला स्वाद करपून गेलेला असतो.

माझं म्हणणं असं, की बिघाड बहुतेक वेळा दोनच ठिकाणी होतो: फळ निवडताना आणि फळ बाहेर काढताना. मधलं काम फार अवघड नाही.

त्याआधी कायद्याचं बोलू. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि व्होडका-रमसारख्या कडक दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे. इथे विषय आहे तो दुकानातून रीतसर आणलेल्या दारूत फळ मुरवण्याचा. फळं आंबवून घरी गाळणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय गाळलेल्या दारूत मिथेनॉल आलं तर डोळे जातात, जीवही जातो. त्या वाटेला जाऊच नका, आणि मुरवलेली बाटली विकूही नका.

जे ओळखता येत नाही ते तोडणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि हिला दुरुस्ती नाही. आपल्या कुंपणांवर खाण्याची फळं आणि विषारी झाडं अगदी शेजारी शेजारी वाढतात. कुपाटीवर चढलेल्या गुंजेच्या वेलावर लालभडक, काळ्या ठिपक्याच्या बिया दिसतात. चावलेली एखादी बीसुद्धा जिवावर बेतू शकते. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून मुद्दाम लावलेला मोगली एरंड, पिवळी कण्हेर आणि तिची बिट्टी, रस्त्याकडेचा धोतरा ही सगळी त्याच रांगेतली. दारूत टाकलं की विष मरतं असं काही जण खात्रीने सांगतात. ते साफ चूक आहे. कण्हेरीसारख्या झाडाचं विष दारूत उलट चांगलं उतरतं. घरातल्या जुन्या माणसांनी खाल्लेलं आणि तुम्ही स्वतः लहानपणापासून ओळखता तेवढंच फळ तोडा. मोबाईलवर फोटो काढून ओळख पटवण्यावर विसंबू नका.

सीताफळ ओळखीचं असलं तरी या कामाचं नाही. गर दारूत कालवल्यासारखा होतो आणि त्याच्या बिया विषारी असतात. बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. सीताफळ खाऊन टाकावं.

बांध कुणाचा, फवारा कुणाचा

बांधावरचं झाड बेवारस नसतं. चिंचेचं तर नाहीच; चिंचा झाडावर असतानाच व्यापाऱ्याला दिलेल्या असतात. मालकाला विचारा. विचारताना दुसराही प्रश्न विचारून घ्या: शेजारच्या रानात शेवटची फवारणी कधी झाली? सांगोला, पंढरपूर, मोहोळ या पट्ट्यात बांधाच्या एका बाजूला डाळिंब नाहीतर द्राक्षबाग असते आणि तेल्या, भुरी या रोगांसाठी फवारे चालूच असतात. वाऱ्याबरोबर ते बोराटीवरही बसतात. दारू हे औषध नाहीसं करत नाही, सालीवरून ओढून घेते. म्हणून बागेला लागून असलेलं झाड मी सोडूनच देते, मग बोरं कितीही टपोरी असोत. हायवेलगतच्या धुरकट झाडांचंही तेच. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून काहीही तोडून आणायचं नाही. तिथली बोरं तिथल्या पाखरांची आणि कोल्ह्यांची.

कच्चं, किडकं आणि पावसात भिजलेलं

बोरांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत पाट्यांमधून दिसतात ती मोठी, हिरवट पिवळी बोरं खायला छान, पण बरणीत फिकी पडतात. त्यांच्यातून नुसता कच्चट वास उतरतो. बरणीला हवीत ती गावरान, चण्यामण्या, लालसर तपकिरी होऊन सुरकुतायला लागलेली. बोराचा सगळा स्वाद त्या सुरकुतलेल्या सालीत आणि तिच्या खालच्या गरात असतो.

आता अळी. फळमाशी बोर लहान असतानाच सालीत अंडं घालते, त्यामुळे वरून फळ धड दिसतं. नखाने हळूच सालीवरून फिरवून पाहा: एखाद्या ठिकाणी बारीक खळगा, मधे टाचणीच्या टोकाएवढा गडद ठिपका. तिथेच कापलं की आठळीभोवती तपकिरी, ओलसर भुसा दिसतो आणि त्यात पांढरी अळी. एका ढिगातली मूठभर बोरं अशी कापून बघा. निम्मी किडकी निघाली तर तो ढीग सोडून द्या, कारण त्या भुशाचा कडवट, कुबट वास साखरेने झाकला जात नाही.

चिंच गाभुळलेली घ्या, पूर्ण पिकून काळी पडलेली नको. गाभुळलेल्या चिंचेला आंबटपणासोबत फळाचा वास असतो. काळी चिंच बरणीत सारासारखी लागते. कवठ पिकलंय का हे बघायचं तर वीतभर उंचीवरून जमिनीवर टाका: टणकन उसळलं तर कच्चं. करवंद काळंभोर झालेलंच घ्या, नाहीतर देठाचा पांढरा चीक दारूवर चिकट तवंग होऊन बसतो. जांभूळ नेमकं पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये येतं. सरी पडल्यानंतर वेचलेली जांभळं फुटलेली, पाणचट असतात आणि घरी येईपर्यंत आंबायला लागतात. झाडाखाली जुनी साडी अंथरून, फांदी हलवून, पाऊस यायच्या आत आणायची आणि त्याच दिवशी बरणीत घालायची.

बरणीतले हिशेब चुकणं

फळ जास्त घातलं की स्वाद जास्त, हा समज सगळीकडे आहे. थोडा हिशेब करू. आपल्याकडच्या बाटलीवर बहुतेक वेळा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 750 मिलीत साधारण 320 मिली मद्यार्क. त्यात अर्धा किलो जांभळाचा गर घातला तर गराबरोबर सुमारे 400 मिली पाणी आलं आणि सगळं मिळून प्रमाण 28 टक्क्यांवर उतरलं. इथवर ठीक. एक किलो घातला तर ते जेमतेम 20 टक्के राहतं, वर साखरेचा पाक ओतला की त्याहून खाली जातं. मग बुडबुडे येणं, झाकण फुगणं सुरू होतं. रसाळ फळ 750 मिलीला अर्ध्या किलोच्या वर नको. बोर, चिंच यांत पाणी कमी, पण चिंच मूठभरच पुरते.

धुतलेली फळं ओली टाकू नका. पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा. बोरांना दाभणाने तीन-चार ठिकाणी टोचा. फळं वर तरंगून उघडी पडली की तिथेच बुरशी धरते, म्हणून बरणी काठोकाठ भरा आणि पहिला आठवडाभर रोज एकदा उलटीसुलटी करा. बरणी काचेचीच हवी. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट फळ आणि दारू एकत्र ठेवलं तर धातू उतरतो.

मुरंबा उन्हात ठेवायची सवय इथे आड येते. उन्हात जांभळाचा जांभळा रंग विटकरी होतो, झाकणाच्या फटीतून मद्यार्क उडत राहतो. खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, खालच्या फडताळात ठेवा. लवकर व्हावं म्हणून गॅसवर कोमट करणं तर अजिबात नको. दारूची वाफ शेगडीपर्यंत पोचली की भडका उडतो.

आणि बरणीवर ठळक अक्षरात लिहून ठेवा. करवंदाची लाल दारू आणि कोकम सरबत शेजारी ठेवलं तर मूल काय ओळखणार?

दिवस मोजत बसणं

कॅलेंडरवर खूण करून बरणी विसरणं ही इंग्लिश कृतींची देणगी. इथे जीभ वापरा. जांभूळ आणि चिंच तिसऱ्या दिवसापासून रोज चमचाभर चाखा. जांभूळ साधारण आठवड्यात होतं. पुढे बियांचा तुरटपणा उतरत जातो, म्हणून गर हाताने सोडवून बिया आधीच काढलेल्या बऱ्या. चिंच त्याहून लवकर. हिवाळ्यातली बोरं मात्र महिना-दीड महिना आरामात घेतात आणि त्यांना घाई करू नये. रममधली बोरं तर मला सगळ्यात आवडतात. फळाची चव जिभेवर आधी आली आणि दारूचा झटका मागून आला, की गाळायची वेळ झाली.

साखर गाळल्यानंतर घाला. आधी घातलेली काढता येत नाही, आणि बांधावरच्या प्रत्येक झाडाची गोडी वेगळी. खडीसाखरेचा पाक थोडा थोडा. गूळ बोरांना शोभतो, पण गढूळपणा येतोच.

बिघडलं असेल तर

गढूळ झालं असेल तर घाबरू नका. चिंच, कवठ यांतलं पेक्टिन, म्हणजे फळातलं चिकट द्रव्य, दारूत तरंगत राहतं. बाटली आठवडाभर न हलवता ठेवा, वरचं निथळ हळूच ओतून घ्या, उरलेलं मलमलीतून गाळा. फडकं पिळू नका. पिळलं की पुन्हा पहिल्यापासून.

फळाचा स्वाद फार उग्र किंवा फार आंबट झाला तर त्यात तीच साधी दारू वाढवा. तुरट झालं असेल तर साखर उपयोगी पडत नाही, दूध पडतं. एका वाटी दुधात चार वाट्या जांभळाची दारू सावकाश ओता. दूध फाटेल, नाही फाटलं तर लिंबाचे थेंब पिळा. अर्धा तास ठेवून मलमलीतून दोनदा गाळा. दुधातली प्रथिनं तुरट द्रव्य धरून चोथ्यात राहतात आणि खाली मऊ, स्वच्छ रंगाचं उतरतं. हे फ्रीजमध्ये ठेवा आणि ज्याला दूध चालत नाही त्याला आधी सांगा.

बुडबुडे, झाकणाचा फुस्स आवाज, वर पांढरी साय किंवा बुरशी दिसली तर ओतून द्या. गाळून, उकळून वाचवायच्या भानगडीत पडू नका.

जांभूळ साखरेवर औषध, म्हणून मधुमेहाच्या माणसाला ही दारू देणारेही भेटतात. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांच्यासोबत दारू घेतली तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. त्यांना जांभळं द्या, बाटली नको.

गाळून उरलेली फळं उकिरड्यावर टाकू नका. शेळ्या, कोंबड्या ती खातात आणि दारू त्यांनाही बाधते. परसात खड्डा काढून पुरा.