लोकल चुकली, जॉब गेला, आता देवाला काय म्हणायचं?

आधी मनसोक्त चिडून घ्या, खरंच, ज्यू परंपरेत देवाशी भांडायला बंदी नाही, बायबलमधला दुःखाने पिचलेला ईयोब भांडलाच की. मग तालमूद या ज्यू धर्मग्रंथातला रब्बी, म्हणजे धर्मगुरू, अकिवा आठवा, गावात जागा मिळेना म्हणून रानात झोपला, वाऱ्याने दिवा विझला, मांजराने कोंबडा खाल्ला, सिंहाने गाढव, आणि त्याच रात्री सैन्याने अख्खं गाव पकडून नेलं, उजेड किंवा आवाज असता तर हाही सापडला असता. ठाण्यात १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे ना, तिथल्या बेने इस्राएल लोकांना, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंना, 'गम झु लतोवा' या हिब्रू वाक्याचा, म्हणजे हेही भल्यासाठीच, याचा अर्थ विचारून बघा. मी रात्री वहीत 'का झालं' लिहीत नाही, 'आता काय करू' एवढंच लिहितो. फक्त दुसऱ्याच्या दुःखात हे ज्ञान पाजळू नका, तिथे गुपचूप चहा टाका.