काळ्या रानातला पांढरा बगळा : एक्सपोजरची आदल्या दिवसापासूनची तयारी

सोलापूरकराला पांढरे पक्षी शोधत फार लांब जावे लागत नाही. हिप्परगा तलावाच्या उथळ काठावर मोठा बगळा आणि छोटा बगळा हमखास दिसतात, उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात चमचा पक्षी आणि रोहित उतरतात, आणि रानात नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टरमागे गायबगळ्यांची रांग लागते. पक्षी सहज मिळतो, पण त्याच्या पिसांचा पोत छायाचित्रात उतरवणे कठीण जाते. कॅमेऱ्याचे मीटर चौकटीतला सगळा उजेड एका मध्यम करड्या छटेवर आणू पाहते. आपल्याकडच्या काळ्या मातीने चौकट व्यापली असेल, तर ते एक्सपोजर, म्हणजे चित्रासाठी आत घेतला जाणारा उजेड, वाढवते आणि बगळ्याचे अंग सपाट पांढरे होऊन जाते. तोच बगळा जवळ येऊन चौकटभर झाला, की ते एक्सपोजर घटवते आणि पक्षी मळकट दिसू लागतो. पार्श्वभूमी बदलली तरी पक्ष्यावर पडणारे ऊन बदललेले नसते, म्हणून ते ऊन आधी मोजून एक्सपोजर मॅन्युअल मोडमध्ये (सगळे आकडे आपण हाताने ठरवतो त्या पद्धतीत) पक्के करणे, हाच या सगळ्या तयारीचा गाभा आहे.

आदल्या दिवशी सकाळच्या उन्हात घरचा पांढरा सोलापुरी टॉवेल दोरीवर वाळत घालावा आणि त्याच्यावर कॅमेऱ्याची परीक्षा घ्यावी. स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका छोट्या ठिपक्यापुरती मोजणी) निवडून, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) स्थिर ठेवून, टॉवेलच्या उन्हातल्या भागावर मीटर शून्यावर आणावे आणि पहिले चित्र घ्यावे. मग शटर स्पीड एक-तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी करत करत शून्याच्या वर अधिक तीनपर्यंत चित्रे घ्यावीत. संगणकावर ही रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) चित्रे मोठी करून पाहिली, की टॉवेलच्या विणीतले बारीक फासे कोणत्या टप्प्यापर्यंत सुटे दिसतात आणि कुठे एकमेकांत विरघळून जातात, हे नेमके कळते. ही मर्यादा कॅमेऱ्यागणिक वेगळी येते, म्हणून आपल्या कॅमेऱ्याचा आकडा आपणच काढलेला बरा. बगळ्याची पिसे टॉवेलपेक्षा गुळगुळीत असल्यामुळे उन्हात जास्त चमकतात. म्हणून हाती आलेल्या आकड्यातून एक-तृतीयांश स्टॉप वजा करावा आणि उरलेला आकडा पाठ करून ठेवावा.

त्याच रात्री कॅमेऱ्याची मांडणी तपासावी. चित्रे रॉमध्येच घ्यावीत, कारण जेपेगमध्ये पांढऱ्याच्या वरच्या छटा फार लवकर संपतात. मात्र पडद्यावर दिसणारा हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा छटांचा आलेख) आणि जळलेल्या भागांची लुकलुकती सूचना ही दोन्ही जेपेगवरूनच तयार होतात, म्हणून चित्रशैली न्यूट्रल ठेवावी आणि सावल्या आपोआप उजळणारी सोय बंद करावी, नाहीतर इशारा चुकीच्या वेळी मिळतो. हिस्टोग्राम लाल, हिरवा आणि निळा असा तिन्ही रंगांचा वेगवेगळा दिसेल असा निवडावा. सूर्योदयानंतरच्या तांबूस उन्हात लाल रंग सगळ्यांत आधी भरून वाहतो आणि एकत्रित आलेखात ते लपून राहते. ऑटो आयएसओ आठवणीने बंद करावा. मॅन्युअल मोडमध्येही तो सुरू राहिला, तर एक्सपोजरचा निर्णय पुन्हा मीटरकडेच जातो. बॅटरी, कार्डे आणि लेन्सचे हूड यांची वेगळी आठवण करून देण्याची गरज नसावी.

जागा निवडताना ऊन आपल्या पाठीवर येईल हे पाहावे. सकाळी तलावाच्या पूर्व काठावर उभे राहून पश्चिमेकडे तोंड केले, की पक्ष्यावर समोरून सारखा उजेड पडतो. डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास वर येतो आणि पुढचे दीड-दोन तास पांढऱ्या पक्ष्यासाठी सर्वांत चांगले असतात. दहानंतर पाठीवरची पिसे तळपू लागतात आणि पोटाखाली गडद सावली पडते; या दोन्ही टोकांना एका चित्रात सांभाळणे अवघड असल्यामुळे, माझ्या मते, तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवून पक्षी नुसता पाहावा. बाभळीवर बगळ्यांची घरटी असतील, तर उजेड कितीही सुंदर असला तरी तिथे जवळ जाऊ नये.

जागेवर पोहोचल्यावर पक्षी दिसण्याची वाट न पाहता, सोबत आणलेला पांढरा रुमाल पक्षी ज्या उन्हात येणार त्याच उन्हात धरावा, स्पॉट मीटरने मोजावा आणि मीटरच्या शून्यापेक्षा पाठ केलेल्या आकड्याइतके एक्सपोजर जास्त ठेवावे. एवढा वेळ नसेल, तर जुना हिशेब कामी येतो : कडक उन्हात एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि आयएसओइतका शटर स्पीड (आयएसओ ४०० असेल तर १/४०० सेकंद) हे साधारण विषयाचे एक्सपोजर, आणि पांढऱ्यासाठी त्यातून एक स्टॉप कमी. म्हणजे आयएसओ ४०० आणि एफ/८ (एफ/१६ पेक्षा दोन स्टॉप जास्त उजेड) असताना साधारण विषयाला १/१६०० सेकंद, तर बगळ्याला १/३२०० सेकंद. कोवळ्या उन्हात याहून एक-दीड स्टॉप जास्त लागतो, म्हणून पहिल्या तासात दर पाच-दहा मिनिटांनी मोजणी पुन्हा करावी. पातळ ढग आला तरी तेच करावे.

पहिले चित्र घेतल्यावर ते मोठे करून थेट खांद्यावरची आणि मानेच्या वळणावरची पिसे पाहावीत, कारण जळण्याची सुरुवात तिथून होते. हिस्टोग्रामचा उजवा पाय कडेच्या अगदी जवळ यावा, पण कडेवर चढू नये. पांढऱ्या शराटीच्या बाबतीत काळे डोके बुडाले तरी चालेल, अंगाची पिसे राखावीत. रॉमधून काळ्यातला तपशील बराच वर काढता येतो, जळलेले पांढरे मात्र परत येत नाही.

उडत्या पक्ष्यासाठी एक तडजोड आधीच मनाशी ठरवून ठेवावी. बगळा पाण्यावरून जात असेल, तर पाण्यावरून परतलेला उजेड पंखांची खालची बाजू उजळवतो आणि ठरलेले एक्सपोजर तसेच चालते. काळ्या रानावरून जाताना खालून काहीच उजेड मिळत नाही, त्यामुळे ऊन वर चढल्यावर पंखाची खालची बाजू एक स्टॉपपर्यंत अंधारी येते. अशा वेळी दोन-तृतीयांश स्टॉप वाढवण्यासाठी शटर स्पीडची चकती कोणत्या दिशेला आणि किती खटके फिरवायची, हे डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता जमेपर्यंत घरीच घोकून घ्यावे.