रानाची भरपाई: आधी पाणी, मग माती, रोपं सर्वांत शेवटी

रस्ता, वसाहत किंवा खाणीखाली एखादं रान जाणार असेल, तर त्या बदल्यात दुसरीकडे तितक्याच तोलाचं रान उभं करायचं, याला अधिवासाची भरपाई म्हणतात. जर्मनीच्या कायद्यात ही तरतूद १९७६ पासून आहे. अमेरिकेत पाणथळ जागांच्या भरपाईसाठी २००८ ची सविस्तर नियमावली आहे. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना निसर्गमूल्यात किमान १० टक्के वाढ दाखवावी लागते आणि ती ३० वर्षं टिकवावी लागते. नियम देशागणिक बदलतात, पण जमिनीवरचं काम आणि ते फसण्याची कारणं सगळीकडे सारखीच असतात. सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे झाडं लावली की भरपाई झाली असं समजणं. गवताळ माळ गमावून त्या बदल्यात दुसऱ्या माळावर झाडं लावली, तर एक माळ बांधकामाखाली जातो आणि दुसरा सावलीखाली. माळावर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं नुकसान दुप्पट होतं.

भरपाईच्या आधी

क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नये: आधी नुकसान टाळा, टळत नसेल तर कमी करा, बिघडलेलं जागच्या जागी दुरुस्त करा, आणि एवढं करून जे उरेल त्याचीच भरपाई करा. आराखडा कागदावर असताना रस्ता दोनशे मीटर सरकवणं सोपं असतं. पुढे तेच दोनशे मीटर दुसरीकडे उभे करायला दशकं लागतात.

काही गोष्टींची भरपाई होतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या झाडांत मोठ्या पक्ष्या-प्राण्यांना मावेल अशी ढोली तयार व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात. थंड प्रदेशातल्या दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जो पीट साचतो, तो वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं. अशी जागा आराखड्यात आली, तर तिथे भरपाईचा हिशेब मांडू नका, आराखडा बदलायला लावा.

काय जातंय आणि किती लागेल

जाणाऱ्या जागेची पाहणी किमान एक पूर्ण वर्ष, सगळ्या ऋतूंत करा. एका उन्हाळी भेटीत बेडूक, कंद आणि स्थलांतरित पक्षी यांतलं काहीच नोंदलं जात नाही. त्याच प्रकारची, शक्य तितकी न बिघडलेली एक संदर्भ जागा शोधा. तिला १ गुण द्या आणि तिच्या तुलनेत जाणाऱ्या जागेला गुण द्या. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे: क्षेत्रफळ गुणिले गुणवत्ता.

समजा १० हेक्टर जाणार आहे आणि त्याची गुणवत्ता ०.७ आहे. म्हणजे तोटा ७ एककांचा. भरपाईची जमीन आज ०.३ वर आहे आणि कामानंतर ०.७ वर येईल असा अंदाज आहे. इथे मोजायची ती फक्त वाढ, हेक्टरमागे ०.४. सात भागिले ०.४, म्हणजे १७.५ हेक्टर. पण काम फसूही शकतं. यशाची शक्यता दोन तृतीयांश धरली, तर आकडा २६.२५ वर जातो. त्यातही रान आज जाणार आणि भरपाई दहा वर्षांनी उभी राहणार. मधल्या वर्षांसाठी दरसाल ३ टक्के चक्रवाढ धरली, तर ३५ हेक्टरच्या थोडं वर पोहोचतो. दहाला दहा ही भरपाई का होत नाही, ते इथे दिसतं. यातला प्रत्येक आकडा लेखी ठेवा, कारण आकडे हळूच कमी करून घेण्याचा दबाव याच टप्प्यावर येतो.

जमीन निवडताना

पहिला प्रश्न: आपण हात लावला नसता, तर ही जागा आपोआप सुधारली असती का, किंवा आधीपासूनच संरक्षित आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर ती जागा सोडा. जे तसंही होणार होतं, त्याची भरपाईत गणती होत नाही. ‘हे रान आम्ही वाचवलं, नाहीतर तुटलं असतं’ हा दावा करायचा असेल, तर त्या भागात रान प्रत्यक्ष किती वेगाने तुटतंय त्याच्या नोंदी लागतात. नुसती भीती पुरत नाही.

दुसरा प्रश्न आकाराचा. जंगलाच्या कडेने ऊन, वारा, तण आणि शिकारी प्राणी आत शिरतात, आणि हा परिणाम शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतो. दहा हेक्टरचा चौकोनी तुकडा म्हणजे बाजू सुमारे ३१६ मीटर. चारही कडांचे शंभर मीटर वजा केले, तर आत ११६ बाय ११६ मीटर उरतात, सव्वा हेक्टरच्या थोडं वर. तेच दहा हेक्टर एक किलोमीटर लांब आणि शंभर मीटर रुंद पट्ट्यात असतील, तर आतला गाभा शून्य. म्हणून जुन्या रानाला खेटून असलेली जमीन थोडी उजाड असली तरी सुटा, दूरचा, हिरवा तुकडा घेण्यापेक्षा बरी.

पूर्वी भरपूर खत पडलेली शेतजमीन विविध गवतं आणि रानफुलांसाठी घेत असाल, तर आधी मातीतला फॉस्फरस तपासा. तो जास्त असला की दोन-चार दांडगी गवतं बाकी सगळ्यांना दाबून टाकतात. अशा वेळी बरीच वर्षं गवत कापून शेताबाहेर न्यावं लागतं किंवा वरचा थर खरवडून काढावा लागतो. कापलेलं गवत तिथेच टाकलं, तर खत पुन्हा मातीतच जातं.

पाणी

पाणथळ जागेची भरपाई फसते ती बहुधा पाण्याच्या चुकीमुळे. खड्डा खणला, पाणी साचलं, फोटो काढला, आणि पाच वर्षांनी तिथे एकतर कोरडा खळगा असतो किंवा पाणकणसाची, म्हणजे उंच, दाट वाढणाऱ्या एका पाणवनस्पतीची, एकसंध भिंत.

आधी हातगिरमिटाने ६० सेंटिमीटरपर्यंत माती काढा आणि ती ताजी असतानाच उजेडात तोडून पाहा. जिथे पाणी बराच काळ थांबायचं, तिथली माती राखाडी किंवा निळसर असते. जुन्या मुळांच्या वाटांभोवती गंजाच्या रंगाच्या बारीक रेघा असतात, बोटाने चोळल्या की नारिंगी डाग पडतो. कधी सडक्या अंड्यासारखा वासही येतो. जमीन पन्नास वर्षांपूर्वी चर काढून कोरडी केली असली, तरी रंगाच्या या खुणा टिकून राहतात. अशी माती सापडली तर पाणी परत येऊ शकतं. सगळीकडे सारखीच तपकिरी माती लागली, तर तिथे पाणथळ जागा नव्हतीच, आणि खणून फार तर तळं मिळेल.

मग पाण्याची पातळी मोजायच्या नळ्या बसवा. पाच सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या भागाला बारीक चिरा पाडा, त्यावर कापड गुंडाळा, भोवती जाड वाळू भरा आणि जमिनीलगत चिकणमातीचा बूच ठोका. बूच ठोकायचा राहून गेला तर पावसाचं पाणी पाइपाच्या बाजूने खाली उतरतं आणि पातळी खोटी दिसते. वर्षभर, दर आठवड्याला नोंद घ्या. अमेरिकेत वापरला जाणारा निकष चांगला आहे: वाढीच्या हंगामात सलग १४ दिवस पाणी जमिनीच्या ३० सेंटिमीटरच्या आत असावं, आणि असं दहापैकी किमान पाच वर्षं घडावं.

बरेचदा खणण्याची गरजच नसते, जुने चर बुजवले की पुरतं. चराच्या फक्त तोंडाशी बांध घातला तर पहिल्या मोठ्या पावसात तो फुटतो. उताराने बांधांची साखळी करा, अंतर असं की खालच्या बांधाने अडवलेलं पाणी वरच्या बांधाच्या पायथ्याला टेकेल. चिकणमाती थराथराने ठोकून भरा, दोन्ही काठांत खाच मारून बांध आत रोवा, आणि माती बसते म्हणून माथा काठापेक्षा वीतभर उंच ठेवा. जमिनीखाली निचऱ्याचे पाइप असतील तर ते शोधून काही मीटर तोडा आणि खालचं तोंड बुजवा. हे सगळं करण्याआधी वरच्या बाजूच्या शेतांची उंची मोजून घ्या. शेजाऱ्याच्या शेतात पाणी तुंबलं, तर बांध रात्रीतून फुटेल आणि दोष त्याचा नसेल.

खणावंच लागलं तर काठाचा उतार दहास एक किंवा त्याहून सपाट ठेवा. कडेचं बोटभर ते वीतभर खोलीचं, दर ऋतूत सरकणारं पाणी हाच सगळ्यात जिवंत भाग. पाणी वर्षभर एकाच पातळीला राहिलं आणि वरून शेतातलं खत येत राहिलं, की पाणकणीस सगळं व्यापतं. बेडकांसाठी एका मोठ्या तळ्यापेक्षा पाच-सहा लहान डबकी बरी. ती ओढ्याला जोडू नका. मासे शिरले की अंडी आणि पिल्लं संपतात. डबकं अधूनमधून पूर्ण आटलं तर घाबरू नका, त्यानेच मासे राहत नाहीत.

माती

जाणाऱ्या जागेवरची सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे वरची पाच ते दहा सेंटिमीटर माती. बियांचा बहुतेक साठा तिथेच असतो. हा थर वेगळा खरवडा, कोरड्या दिवसांत, आणि शक्य तर त्याच दिवशी नव्या जागेवर पसरा. खालची माती त्यात मिसळली की बी खोल गाडलं जातं आणि उगवत नाही. ढीग करावाच लागला तर उंची दोन मीटरच्या आत ठेवा. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि मातीतलं जीवन मरतं. एक अट: जुन्या जागेवर आक्रमक तण असेल, तर ही माती हलवू नका, तणाचंही स्थलांतर होईल. पडलेले ओंडके आणि दगडांचे ढीगही सोबत न्या. पाली, साप आणि किडे यांना त्यांत आयता आसरा मिळतो.

यंत्रांनी दबलेल्या मातीत बहुतेक रोपं तग धरत नाहीत. ओल्या जमिनीत बोटाएवढी जाड लोखंडी सळई हाताने दाबा. वीतभर आत जाऊन अडली, तर समपातळी रेषेने ४० ते ६० सेंटिमीटर खोल नांगरट करा. चिखल असताना यंत्र आत घालू नका.

आक्रमक वनस्पती

घाणेरी अनेक खंडांत पसरली आहे. ती वरवर छाटली की बुंध्यातून दुप्पट फुटते. खोड आणि मूळ जिथे मिळतात, तिथे जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडा, आणि निघालेलं झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. फळं धरण्याआधी हे करा. नंतर पक्षी बसतात त्या झाडांखाली नवी रोपं उगवत राहतात, ती पुढची काही वर्षं हाताने उपटावी लागतात. एका हंगामात जेवढं पुन्हा स्थानिक गवताने झाकता येईल, तेवढंच साफ करा. उघडी माती रिकामी राहत नाही, तिथे पुढचं तण येतं.

बी आणि रोपं

गवताळ जागेसाठी उत्तम उपाय म्हणजे जवळच्या चांगल्या माळावरचं पिकल्या बियांचं ओलं गवत. पहाटे कापा आणि त्याच दिवशी पसरा. गाडीत रात्रभर राहिलं तर ढीग आतून तापतो आणि बी मरतं. एक हेक्टर माळाचं गवत साधारण एक ते तीन हेक्टरला पुरतं. थर इतका विरळ ठेवा की मधूनमधून माती दिसावी. सगळ्या जाती एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून काही आठवड्यांनी दुसऱ्या भागातून पुन्हा एकदा कापा.

झाडं फक्त जिथे जंगल गेलंय तिथेच. तीन बाय तीन मीटरवर लावली तर हेक्टरी १,१११ रोपं लागतात. त्याऐवजी बेटांसारखे पुंजके लावून मध्ये मोकळी जागा सोडली तर पक्षी आणि वाऱ्याने येणाऱ्या जातींना वाव मिळतो आणि रोपंही कमी लागतात. मात्र जवळ बियांचा स्रोत असलेलं जुनं रान हवं. पिशवीत गोल फिरलेली मुळं लावण्याआधी कापा.

कुंपण घालावं लागलं तर खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे हरणांना खालून जाता येतं.

पैसा आणि देखरेख

रोपांचा खर्च पहिल्या वर्षी होतो, तणाचा मात्र दरवर्षी. कायमची देखभाल व्याजातून करायची असेल आणि महागाई वजा जाता ३ टक्के मिळत असतील, तर वार्षिक खर्चाच्या साधारण ३३ पट ठेव आधीच बाजूला ठेवावी लागते. ती बांधकाम सुरू होण्याआधी जमा झाली पाहिजे. जमिनीच्या कागदपत्रांवरही संरक्षणाची नोंद चढवून घ्या, नाहीतर मालक बदलला की करार विसरला जातो.

देखरेखीत ‘किती रोपं जगली’ हा आकडा दुय्यम आहे. एक चौरस मीटरच्या कायम चौकटींत कोणत्या जाती आल्या, उघडी माती किती, तण किती, आणि ज्या प्राण्यांसाठी हे केलं ते परतले का, हे दरवर्षी त्याच ऋतूत नोंदा. संदर्भ जागेवरही त्याच दिवसांत मोजा. दुष्काळाच्या वर्षी दोन्हीकडे घट दिसली तर दोष कामाचा नाही. केव्हा काय करायचं हेही आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, तण दहा टक्क्यांवर गेलं तर त्याच हंगामात काढणी, पाण्याची पातळी दोन वर्षं निकषाखाली राहिली तर बांध उघडून पुन्हा भरणे.

चौकटींचे कोपरे आणि फोटो घेण्याच्या जागा लोखंडी खुंट्यांनी खुणा करा आणि त्यांचे अक्षांश-रेखांश दोन ठिकाणी जपून ठेवा. लाकडी खुंट्या काही वर्षांत कुजतात, आणि दहाव्या वर्षी मोजणी करणारा माणूस बहुधा दुसराच असतो.